किल्ल्या आपल्याच कमरेला
(मंडळाच्या वर्धापनदिन समारंभातील भाषण)



आजच्या दिवशी लॅपटॉपवर बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा कित्येकींच्या मनात आले असेल की, हा विषय मुलांचा. आपण त्यात कशाला डोके घालावे? पण घरात आलेल्या कोणत्या वस्तूत आपण डोके घातले नाही? कुकरची रिंग केव्हा बदलावी, मिक्सर का तापतो, हे आपल्यालाच ठाऊक असते. महापे-ऐरोलीच्या कचेऱ्यांत हजारो माणसे रोज संगणकापुढे बसतात, आणि त्याच नवी मुंबईत आपल्या घरचा लॅपटॉप मात्र मुलाच्या सुट्टीची वाट पाहत बंद पडून राहतो. हे काही बरे दिसत नाही.

आधी खरेदीचे पाहू. या यंत्राकडून आपल्याला कोणते काम करून घ्यावयाचे आहे, ते दुकानात जाण्यापूर्वी कागदावर लिहावे. पत्रे, बँक, मंडळाचे हिशेब आणि परगावच्या नातवंडांशी बोलणे एवढेच असेल, तर खेळांसाठी बनविलेले महागडे यंत्र घेणे म्हणजे चौघांच्या स्वयंपाकाला लग्नघरचे पातेले आणणे होय. दुकानदार प्रोसेसर, रॅम व स्टोरेज असे तीन शब्द ऐकवील. प्रोसेसर ही शेगडी, रॅम हा ओटा आणि स्टोरेज हे फडताळ समजा. ओटा अपुरा असला की एक भांडे उचलल्याशिवाय दुसरे ठेवता येत नाही. रॅम अपुरी असली की यंत्र तसेच खोळंबते. आज निदान ८ जीबी रॅम हवी. झेपत असेल तर १६ घ्यावी. पुष्कळ पातळ यंत्रांत ती मागाहून वाढविता येत नाही, म्हणून हा प्रश्न पैसे देण्यापूर्वीच विचारावा. स्टोरेज एसएसडी जातीचे असावे. फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कपेक्षा ते पुष्कळ चपळ असते. २५६ जीबी काटकसरीने पुरते, ५१२ ऐसपैस होते.

वजन हातात घेऊन पाहावे, कळा दाबून पाहाव्यात. यंत्रावर व चार्जरवर भारतीय मानक ब्यूरोची खूण आहे ना, हे पाहून पक्के बिल घ्यावे. दुकानदाराने दाद दिली नाही, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. जुने यंत्र स्वस्तात मिळत असल्यास त्यावर विंडोज ११ चालेल का, हे आधी विचारावे. कारण विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि पुष्कळशी जुनी यंत्रे नव्याच्या अटींत बसत नाहीत.

आता रोजची दुखणी. यंत्र रेंगाळू लागले की ‘शट डाउन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ करावे. विंडोजमध्ये लवकर सुरू होण्याची सोय चालू असली, तर शट डाउनने सारे धुऊन निघत नाही; रीस्टार्टने निघते. इंटरनेट चालत नसेल तर आधी घरातला दुसरा फोन त्याच वाय-फायवर चालतो का ते पाहावे. तोही अडला असेल तर दोष लॅपटॉपचा नाही, राउटर किंवा जोडणी तपासावी. गादीवर वा उशीवर लॅपटॉप ठेवला की हवेची भोके झाकली जाऊन तो तापतो. चहा सांडला तर तत्काळ चार्जर काढून यंत्र बंद करावे आणि जाणत्याकडे न्यावे. चालते का ते सुरू करून पाहू नये. बॅटरी फुगून पाठ वर आली असेल तर ते यंत्र वापरूच नये.

मात्र मला खरे सांगावयाचे आहे ते किल्ल्यांविषयी. नवा लॅपटॉप येतो, मुलगा किंवा जावई आपल्या खात्यावर तो सुरू करून देतो आणि परदेशी निघून जातो. विंडोज ११ च्या बऱ्याच नव्या यंत्रांत आतील मजकूर आपोआप कुलूपबंद होतो. एखाद्या दुरुस्तीनंतर यंत्र ४८ आकड्यांची किल्ली मागते, आणि ती असते ज्याच्या खात्यावर यंत्र सुरू झाले त्याच्या खात्यात! ते खाते विसरले गेले, तर घराची कागदपत्रे, दिवंगत माणसांची छायाचित्रे, व्यवसायाच्या वह्या, सारे समोर असून मिळत नाही. म्हणून खाते आपल्या नावाचे असावे, पासवर्ड आपल्याला पाठ असावा, आणि ती किल्ली कागदावर उतरवून दागिन्यांच्या कपाटात ठेवावी. महत्त्वाच्या मजकुराची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर असावी. एसएसडी पुष्कळदा पूर्वसूचना न देता जाते.

आणि या किल्ल्या परक्याच्या हाती देऊ नयेत. पडद्यावर एकाएकी भोंगा वाजून ‘तुमचे यंत्र बिघडले, या क्रमांकावर फोन करा’ असे आले, तर फोन करू नये. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन क्रमांक नसतो. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि तेथून ब्राउझर बंद करावा. फोनवरच्या अनोळखी माणसाला यंत्राचा ताबा घेऊ देणे म्हणजे त्याला घरात घेऊन तिजोरीपुढे पाट मांडणेच. तरीही पैसे गेलेच, तर ‘घरी काय म्हणतील’ म्हणून गप्प बसू नये. लगेच १९३० वर कळवावे; जितके लवकर, तितकी रक्कम अडविण्याची आशा अधिक. लाज चोराला वाटावी, आपल्याला कशाला?

भगिनींनो, यंत्रातले सारे आपल्याला आलेच पाहिजे, असे मी म्हणत नाही. दुरुस्तीला कारागीर आहेत, मदतीला मुले आहेत. पण आपला मजकूर कोठे आहे आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे, एवढे प्रत्येकीला ठाऊक हवे. आज घरी गेल्यावर एवढे एकच पाहा, आणि उत्तर मिळाले नाही तर पुढच्या बैठकीला लॅपटॉप घेऊन या. आपण मिळून शोधू.