काटा काय सांगतो?

(पाठीराख्यांच्या सभेत ट्रॅक्टरच्या कामाविषयी केलेले भाषण)



आपल्या देणगीवर चालणाऱ्या ट्रॅक्टरचा हिशेब मी दरवर्षी आपल्यापुढे ठेवतो. या वेळी त्या हिशेबातली एक चूकही सांगायची आहे. दीड वर्षात आम्ही दोन नव्या बॅटऱ्या घेतल्या. दुसरीची गरज नव्हती. बहुधा पहिलीचीही नव्हती. ती चूक माझी आहे.

आपला ट्रॅक्टर जुना, 35 हॉर्सपॉवरचा, डायनामोवाला. सकाळी सेल्फ मारला की नुसता ‘टक्’ आवाज यायचा. म्हणून चालकाने एक सवय लावून घेतली. रात्री ट्रॅक्टर उतारावर उभा करायचा आणि सकाळी उतारावरून सोडून गिअरमध्ये सुरू करायचा. असले जुने डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की बॅटरीवाचून चालते. दिवसभर नांगरट नीट व्हायची, त्यामुळे दुखणे कुठे आहे हे कळलेच नाही. मी बॅटरीला दोष दिला आणि नवी आणली. काही महिन्यांनी तीही उतरली. मी पुन्हा नवी आणली.

मग जून आला. पहिला पाऊस होऊन वाफसा आला आणि नेमका तेव्हा ट्रॅक्टर सपाट शेतात उभा राहिला. पाच कुटुंबांची पेरणी खोळंबली. एक आजी मला म्हणाल्या, “भाऊ, तुमचा ट्रॅक्टर येणार म्हणून आम्ही कुणाचे बैल सांगितले नाहीत. आता काय करू?” माझ्याजवळ उत्तर नव्हते.

तालुक्याहून एक वयस्कर मिस्त्री आले. दुसऱ्या बॅटरीच्या वायरी जोडून त्यांनी इंजिन सुरू केले आणि विचारले, “काटा कुठं असतो?” चालकाने माझ्याकडे पाहिले, मी चालकाकडे. स्टिअरिंगसमोरच्या ॲमीटरकडे आम्ही कधी लक्षच दिले नव्हते. उतरलेली बॅटरी असूनही काटा शून्यावर होता. दिवे लावताच तो उणे बाजूला गेला. मिस्त्रींनी इंजिन बंद करून फॅनबेल्टवर अंगठा दाबला. अर्धा इंच दबायला हवा तो बेल्ट जवळजवळ दोन इंच आत गेला. झिजून तो काचेसारखा चकचकीत झाला होता. डायनामो चांगला होता, पण बेल्ट घसरत असल्याने तो पुरेसा फिरतच नव्हता. पंखा आणि पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर. चढावर इंजिन तापते म्हणून आम्ही डोंगराला बोल लावत होतो, त्याचेही कारण हेच निघाले.

आजींची पेरणी चौथ्या दिवशी झाली. तेवढ्यात वाफसा गेला नाही, म्हणून थोडक्यात निभावले.

मिस्त्रींनी त्या दिवशी शिकवले ते मी तुम्हालाही सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असे जुने ट्रॅक्टर आहेत.

ॲमीटरच्या मधोमध शून्य असते; एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे. बॅटरी किती भरली आहे हे तो सांगत नाही. करंट बॅटरीत जमा होतो आहे की तिच्यातून खर्च होतो आहे, एवढेच सांगतो. पासबुकातली आजची नोंद दिसते, शिल्लक दिसत नाही, तसे.

इंजिन बंद ठेवून पुढचे दोन्ही दिवे लावा. काटा सात-आठ अँपिअर उणे गेला पाहिजे. अधिककडे गेला तर मीटरच्या वायरी उलट्या लागल्या आहेत. आता दिवे बंद करून इंजिन सुरू करा आणि रेस थोडी वाढवा. काटा अधिककडे जाऊन बॅटरी भरत येईल तसा हळूहळू शून्याजवळ यावा. ही चांगली खूण आहे. तेव्हाचा शून्य पाहून घाबरू नये. डायनामोवर आयडलला, दिवे लावलेले असताना, काटा थोडा उणे दिसला तरी चालते.

पण रेस वाढवूनही काटा अधिककडे जातच नसेल, तर आधी बेल्ट पाहा, मग वायरी आणि अर्थिंग, मग डायनामोचे कार्बन आणि कटआउट. काटा तासन् तास अधिककडेच खूप वर राहिला आणि बॅटरीतले पाणी लवकर आटू लागले, तर रेग्युलेटर आणि बॅटरी दोन्ही तपासा. इंजिन आणि सगळे स्विच बंद असतानाही काटा जोरात उणे दिसला, तर कटआउट चिकटल्याची शंका घ्या आणि बॅटरीचे अर्थिंगचे टर्मिनल लगेच काढा, नाहीतर डायनामो जळेल.

एक गोष्ट मात्र काटा दाखवत नाही. सेल्फला शेकडो अँपिअर लागतात. ती जाड वायर बॅटरीतून थेट सेल्फला जाते, ॲमीटरमधून नाही. त्यामुळे सेल्फ अडला तर टर्मिनलवरची पांढरी बुरशी आणि ढिली वायर डोळ्यांनीच पाहावी लागते. जवळ मल्टिमीटर असेल तर काम सोपे होते. भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 च्या दरम्यान आकडा आला, तर चार्जिंग ठीक आहे.

आता आमचा चालक रोज सकाळी काटा पाहून वहीत लिहितो. गावातली आणखी दोन मुले त्याच्याजवळ शिकत आहेत. नवा बेल्ट पेटीत जादा ठेवला आहे. त्या बेल्टची किंमत बॅटरीच्या मानाने काहीच नाही, हे लिहिताना मला लाज वाटली.

या वर्षी मी आपल्याकडे बॅटरीसाठी पैसे मागत नाही. कुणाकडे चालू स्थितीतला मल्टिमीटर पडून असेल तर तो द्यावा. आणि जुन्या ट्रॅक्टरचे वायरिंग जाणणारे कुणी आपल्यात असतील, तर त्यांनी पेरणीआधी दोन दिवस गावात येऊन या मुलांना शिकवावे. राहण्याजेवण्याची सोय आम्ही करू. आजींनी यंदाही बैल सांगितलेले नाहीत.