ओझं उचलण्याचं शिक्षण
(शिबिरात केलेलं भाषण)



मी व्यायामशाळेत बायकांना वजन उचलायला शिकवते. त्यातला एक प्रकार म्हणजे डेडलिफ्ट. जमिनीवरची वजनाची दांडी उचलून सरळ उभं राहायचं आणि ती परत खाली ठेवायची. नाव परकं असलं तरी काम आपल्या ओळखीचं आहे. १५ लिटरचा भरलेला हंडा म्हणजे १५ किलो पाणी, भांड्याचं वजन वेगळंच. शिवाय विटांची पाटी, सरपणाची मोळी, कडेवरचं पोर. तेव्हा कुणी म्हणत नाही की बाईला हे झेपायचं नाही. तीच बाई लोखंडी दांडीला हात लावते, तेव्हा मात्र सगळ्यांना तिच्या गर्भाशयाची काळजी वाटू लागते!

ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं वेटलिफ्टिंग १८९६ साली आलं. बायकांना तिथं जागा मिळाली ती २००० साली, सिडनीत. त्याच वर्षी कर्णम मल्लेश्वरीनं ६९ किलो गटात ११० आणि १३०, असं एकूण २४० किलो वजन उचलून कांस्यपदक मिळवलं. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री.

आता पद्धत. पावलं खुब्यांइतक्या अंतरावर ठेवा. दांडी पावलांच्या मध्यावर, नडगीच्या अगदी जवळ हवी. कुल्ले मागे नेत खुब्यातून वाका, गुडघे थोडे वाकू द्या. पाठीला कुबड येऊ देऊ नका. हात दोरीसारखे सरळ. श्वास घेऊन पोट घट्ट करा. हिसका द्यायचा नाही. हात ताणले गेले की पायांनी जमीन रेटायची. दांडी अंगालगत वर आली पाहिजे, कारण ओझं अंगापासून जितकं लांब, तितका कमरेवर ताण जास्त. उभं राहिल्यावर मागे झुकू नका. खाली ठेवताना आधी कुल्ले मागे न्या, दांडी गुडघ्याखाली गेली की गुडघे वाकवा.

सुरुवात काठीनं करा. काठी पाठीवर उभी धरा. डोकं, पाठ आणि माकडहाड तिला टेकलेलं ठेवून वाकायला शिका. ते जमलं की थोडं थोडं वजन वाढवा. नुकतंच बाळंतपण झालं असेल किंवा अंग बाहेर येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. उद्या मुकादम म्हणेल, 'तुला नीट उचलता येत नाही म्हणून कंबर दुखते.' हे ऐकून घेऊ नका. नुसतं उचलायला शिकवल्यानं कामगारांची पाठदुखी टळते, असं संशोधनात दिसलेलं नाही. व्यायामशाळेत वजन किती, किती वेळा, मध्ये विश्रांती किती, हे बाई स्वतः ठरवते. कामावर ते दुसराच ठरवतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ सालीच शिफारस केली, की पुरुषाचं ओझंही ५५ किलोच्या वर असेल तर ते तेवढ्यावर आणावं आणि बायकांचं त्याहून बरंच कमी असावं. म्हणून अंगात ताकद कमवू या, आणि पाटीतल्या विटा कमी करा, नळ दाराशी आणा, हेही मागू या.

चहानंतर मागच्या पटांगणात काठ्या ठेवलेल्या आहेत. पदर खोचून या.