चिठ्ठी दोन्हीकडून यावी

डोळखांब, कसारा, किन्हवलीकडून आणि टोकावडे, धसई, शिरोशीकडून पहाटेच घर सोडून आलेल्या आशाताई, अंगणवाडीताई आणि परिचारिका भगिनींनो, तसंच ठाणे-मुंबईच्या रुग्णालयांतून आलेल्या डॉक्टर मित्रांनो, स्वागत समितीतर्फे आपलं मनापासून स्वागत. पुढच्या खुर्च्या आज ताईंसाठी राखल्या, ते मुद्दाम.

मी शहापूर-मुरबाडच्या या भागात बरीच वर्षं लहान मुलं तपासतो. एका कातकरी वाडीवरचं आठ महिन्यांचं बाळ न्यूमोनियातून वाचून मोठ्या रुग्णालयातून घरी आलं. कार्डावर औषधं इंग्रजीत, पुन्हा दाखवायची तारीखही इंग्रजीत. आईनं ते कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कुडाला खोचून ठेवलं, अगदी जपून. तीन घरं पलीकडच्या आशाताईला बाळ परत आल्याचं कुणी कळवलंच नाही. माझ्याकडे आणलं तेव्हा त्याचं वजन पुन्हा घसरलेलं होतं. त्या दिवशी मला माझीच चूक दिसली. मीही कितीतरी मुलं एका ओळीच्या चिठ्ठीवर पुढे पाठवली होती आणि त्यांचं पुढे काय झालं, हे विचारलं नव्हतं.

त्या आशाताईसारख्या गावातल्या बाईच्या हातात काय ताकद असते, हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत दाखवून दिलं. प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरोघरी जाऊन नवजात बाळं सांभाळली आणि तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं. आज दवाखान्यात बाळंत झालेल्या आईकडे आशाताई 42 दिवसांत सहा वेळा जाते, घरी बाळंत झालेलीकडे सात वेळा. बाळाला एवढं जवळून दुसरं कोण पाहतं?

आपल्याकडे अडचण आणखी एक. दिवाळी झाली की वाड्या रिकाम्या होतात, माणसं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. इथल्या अंगणवाडीत वजन वाढू लागलेलं मूल तिथल्या ताईच्या वहीत नसतंच. आणि वजन फारच घसरलेल्या मुलाला घेऊन पोषण पुनर्वसन केंद्रात चौदा दिवस राहा म्हटलं, तर आईला बुडीत मजुरीपेक्षा घरी ठेवलेल्या दोन लेकरांची काळजी जास्त असते. तिला हट्टी म्हणू नका. त्या लेकरांना कोण जेवू घालेल, ते तिच्या वाडीत विचारा.

म्हणून शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय, मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय आणि शहरातली मोठी रुग्णालयं या सगळ्यांकडे माझं एकच मागणं आहे. मूल घरी सोडताना त्याच्या आशाताईला फोन करा, आणि कार्डावर चार ओळी मराठीत लिहा. ताईंनो, आठवड्यानं तुम्ही उलट कळवा: दूध पितं का, धाप लागते का, दंडाचा घेर किती.

चहा झाला की आरोग्य केंद्रानुसार गटात बसायचं आहे. प्रत्येक गटात रुग्णालयाचा एक माणूस असेल. त्याचा नंबर आधी लिहून घ्या. अध्यक्ष महोदय, आता सूत्रं आपल्या हाती देतो.