मणिभवन : वास्तूचा खरा वारसा



1896 च्या प्लेगनंतर मुंबईच्या दाट वस्तीबाहेर हवेशीर वसाहती आखल्या गेल्या. गावदेवीतील लॅबर्नम मार्गावरचे दोन मजली मणिभवन त्याच पर्वातील. लाकडी सज्जांचे हे घर जवाहीर रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचे.

श्रीमद् राजचंद्र हे रेवाशंकरभाईंच्या पेढीचे भागीदार. टॉलस्टॉय आणि रस्किन यांच्याबरोबरच श्रीमदांचाही आपल्या जीवनावर खोल ठसा उमटल्याचे गांधीजींनी नमूद केले आहे. 1901 मध्ये श्रीमदांचे देहावसान झाले. पण स्नेहाचा धागा तुटला नाही. 1917 ते 1934 या काळात मणिभवन हेच गांधीजींचे मुंबईतील निवासस्थान ठरले. 4 जानेवारी 1932 च्या पहाटे त्यांना येथील गच्चीवरच अटक झाली. राजसत्तेच्या रोषाची तमा न बाळगता स्वतःचे घर देशकार्यासाठी खुले ठेवणे, हे अपरिग्रहाचेच आचरण होय. 1955 पासून ही वास्तू स्मारकरूपाने जतन झाली. तळमजल्यावर ग्रंथालय असून दुसऱ्या मजल्यावर गांधीजींची खोली आणि चरखा आहे.

आज समाजातील कित्येक जुनी घरे पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर आहेत. सर्वच वाचतील असे नाही. परंतु करारावर स्वाक्षरी करण्यापूर्वी, त्या घरी कोणत्या साधू-साध्वींचे पदार्पण झाले, कोणा विद्यार्थ्याला आश्रय मिळाला, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे, छायाचित्रे घ्यावीत. सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने एवढे तरी कार्य हाती घ्यावे, हीच विनंती.

जय जिनेंद्र!