घोडी डॉक्टरची वाट बघत नाही

मला विषय दिलाय 'सिनेमातला पशुवैद्य'. हा खेड्यातला डॉक्टर देखणा, घोडेवाल्याची मुलगी मानी. रात्री घोडी अडते, डॉक्टर धावत येतो, पहाटे शिंगरू उभं राहतं, तोवर या दोघांचंही जमलेलं असतं. जमू दे बापडं. माझी तक्रार त्या धावत येण्याबद्दल आहे.

यॉर्कशायरच्या थर्स्क गावचे आल्फ वाइट खरे पशुवैद्य. जेम्स हेरियट या नावानं लिहायचे. बीबीसीनं १९७८ मध्ये त्यांच्या पुस्तकांवर मालिका आणली. त्यांच्या गोष्टीत जेम्सला शेतकऱ्याची हेलन भेटते ती वासराचा पाय मोडल्यामुळे. जाणत्या माणसाचं लिहिणं हे! मोडलेला पाय डॉक्टरची वाट बघतो. घोडी बघत नाही. पाणमोट फुटली की २० ते ३० मिनिटांत शिंगरू बाहेर, तेही बहुधा रात्री. सारंगखेड्याच्या यात्रेत हौसेनं घोडी घेता, तर एवढं तुम्हालाच ठाऊक हवं: एका तासात शिंगरू उभं, दोन तासांत कासेला, तीन तासांत वार पडलेली. वार अडकली तर ओढू नका, फोन करा.

मधलं पुन्हा सांगतो. दोन तासांत कासेला! शिंगराच्या रक्तात जन्मतः रोगाशी लढायची ताकद जवळजवळ नसतेच. ती येते आईच्या चिकातून. आणि चिकाला लग्नासारखा मुहूर्त असतो. पहिले सहा-आठ तास उत्तम, चोवीस तासांनंतर आतडं ती ताकद घेतच नाही. मग बादलीभर पाजा, जेवणावळ होईल, लग्न नाही. इथे नवरदेव धडपडणार, पहिलटकरीण घोडी रुसलेल्या वरमाईसारखी लाथ झाडणार. तिला चुचकारून मुहूर्त साधायचा तुम्ही. आम्ही डॉक्टर म्हणजे पंगतीला पोचणारे पाहुणे! तेव्हा 'चीक जड असतो' म्हणून पिळून टाकू नका. ऐकताय ना?

आणखी एक. पांढुरक्या पिशवीऐवजी आधी मखमली लाल पिशवी दिसली, तर कोणाची वाट न बघता लगेच फाडा, कारण आत शिंगराचा श्वास... बरं, स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली. सिनेमाचं राहिलंच की! असो. दोन तासांत कासेला, मंडळी.