लिसनर मेथडवर चार ओळी लिहा ना, प्लीज!

आजचा एपिसोड छोटा आहे. बोरिवलीला लोकल पकडलीत तर कांदिवली यायच्या आत संपेल.

आधी माझी एक चूक सांगतो. अंधेरीतल्या ऑफिसात नवीन होतो, जुना जावा कोड साफ करत होतो. एक मेथड दिसली. सर्च केलं, तिला कोणीच कॉल करत नव्हतं. उडवली. टेस्ट पास, रिव्ह्यू पास. दोन दिवसांनी सपोर्टच्या ताई विचारायला आल्या, "अरे, ऑर्डर कॅन्सल होतायत, मग रिफंड का सुरू होत नाहीयेत?"

झालं असं, की त्या मेथडच्या डोक्यावर @इव्हेंटलिसनर होतं. स्टेशनवरची घोषणा आठवा. घोषणा करणाऱ्याला माहीत नसतं कोण ऐकतंय. इथेही तसंच. एक कोड 'ऑर्डर रद्द झाली' असा इव्हेंट पब्लिश करतो आणि स्प्रिंग पॅरामीटरचा टाइप बघून मेथड बोलावतं. थेट कॉल कुठेच दिसत नाही.

२०१५ मध्ये स्प्रिंग ४.२ आलं, तोपर्यंत ॲप्लिकेशनलिसनर हा इंटरफेस इम्प्लिमेंट करावा लागायचा. म्हणजे क्लासच्या पहिल्या ओळीतच कळायचं, हा ऐकणारा आहे. ४.२ पासून बीनमधली साधी मेथडही लिसनर होऊ शकते. सोय झाली, पण लिसनर नजरेआड गेले.

मग जावाडॉकमध्ये लिहायचं काय? 'हा इव्हेंट हँडल करते' असं नको, ते सहीवरूनच दिसतं. जे दिसत नाही ते लिहा.

एक, मेथड काढली तर काय बंद पडेल. इव्हेंट नेमका कधी घडतो, ते मात्र इव्हेंटच्या क्लासवर लिहा आणि इथून तिकडे लिंक द्या. पब्लिश करणाऱ्यांची यादी लिहिलीत तर ती महिन्याभरात शिळी होते.

दोन, फेल झाली तर काय. साधा लिसनर पब्लिशरच्याच थ्रेडवर चालतो, एक्सेप्शन उलटं पब्लिशरकडे जातं. एसएमएस गेला नाही म्हणून अख्खी ऑर्डर रोलबॅक होऊ शकते! @असिंक लावलंत तर एक्सेप्शन पब्लिशरपर्यंत पोचत नाही. मग ते बघणार कोण, हे लिहा.

तीन, ट्रान्झॅक्शन. @ट्रान्झॅक्शनलइव्हेंटलिसनर कमिटनंतर चालतो. ट्रान्झॅक्शनच नसेल तर फॉलबॅक ऑन केल्याशिवाय चालतच नाही, आणि एररही येत नाही.

चार, मेथड काही रिटर्न करत असेल तर तोही नवा इव्हेंट म्हणून पब्लिश होतो. पुढची साखळी सांगा.

माझ्या त्या मेथडवर एवढं असतं तरी पुरलं असतं: 'ऑर्डर रद्द झाल्याचं कमिट झालं की रिफंड सुरू करते. थेट कॉलर नाही, स्प्रिंग बोलावतं. फेल झाली तर ऑर्डर रद्दच राहते, रिफंड हाताने करावा लागतो.'

स्प्रिंग मॉड्युलिथसारखं टूल कुठलं मॉड्यूल कुठला इव्हेंट ऐकतं, ते काढून देतं. जरूर वापरा. पण 'का' ऐकतं, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक असतं.

तर आजचा होमवर्क: उद्या ऑफिसात गेलात की @इव्हेंटलिसनर सर्च करा आणि किती मेथडवर एक तरी कामाची ओळ आहे ते मोजा. आकडा मला कळवा, लाजू नका. माझा शून्य होता!

भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या!