भूमिका आणि मी

नाटकात काम करणाऱ्या मुलीला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "आपण भूमिकेशी एकरूप होता काय?" नाट्यगृहात हा प्रश्न कौतुकाचा असतो, घरी लग्नाची बोलणी सुरू झाली की तोच संशयाचा होतो. नवनगरला आमच्या घरी मला पाहावयास आलेल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी विचारले, "परवाच्या नाटकात तू बदनाम बाई झाली होतीस ना? तसे हसायला कुठे शिकलीस?" मला उत्तर सुचले नाही. आईने मुकाट्याने कपबश्या उचलल्या.

त्या रात्री मला शांता हुबळीकर यांची आठवण झाली. हुबळीजवळच्या अदरगुंची येथे १९१४ साली जन्मलेल्या या अभिनेत्रीने आमच्या गावाचे नाव आडनाव म्हणून मिरविले. व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेल्या 'प्रभात'च्या 'माणूस' या १९३९ च्या बोलपटात त्यांनी मैना ही वेश्या उभी केली. गणपत हा पोलीस शिपाई तिच्यावर प्रेम करतो, तिला आपल्या आईकडे नेतो. परंतु त्या भाविक घरात सून म्हणून राहण्याचे धैर्य तिला होत नाही. दार उघडे असते. तिचे मनच तिला आत जाऊ देत नाही. मैना अनेक भाषांत गाते, गिऱ्हाइकांना हसविते, आणि त्या हसण्यामागचा शीण आपल्याला दिसत राहतो. अभिनय म्हणतात तो हा. तेथे बाई बदनाम राहत नाही, माणूस होते.

उद्याची फिकीर उडवून लावणारे त्या चित्रपटातील गीत घरोघर पोचले. त्याच गीताचे शब्द शांताबाईंनी पुढे आपल्या आत्मचरित्राला नाव म्हणून दिले. मात्र उतारवयात त्यांना वृद्धाश्रमाचा आसरा घ्यावा लागला. १९९२ साली त्या निवर्तल्या. बेफिकिरी मैनेला शोभली. मैना करणाऱ्या बाईला उद्या होताच. हे ध्यानी धरून मी शाळेतील नोकरी सोडलेली नाही. तालमी संध्याकाळी होतात. नाटक सोडण्याच्या अटीवर लग्न करावयाचे नाही, हेही मी आईला सांगितले आहे. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने माझे नाटकातील लुगडे इस्त्री करून ठेवले.

आता त्या बाईंना द्यावयाचे राहिलेले उत्तर. ते हसू मी आमच्या रस्त्यावर भाजी विकणाऱ्या एका बाईकडून घेतले. दिवसभर ती प्रत्येक गिऱ्हाइकाशी हसून बोलते, आणि पाटी रिकामी झाली की भिंतीला टेकून गप्प बसते. ते हसू बदनाम नाही. ते दमलेले आहे. मी फक्त ते नीट पाहिले. एकरूप होणे म्हणजे माझ्या मते एवढेच : दुसऱ्याचे दुःख काही घटका सांभाळावे आणि रंग पुसताना ज्याचे त्याला आदराने परत करावे.

ते स्थळ जुळले नाही. पुढचे जे येईल, त्यांना मी आधी नाटकाला बोलाविणार आहे, पोहे त्यानंतर.